काटा मध्येच आहे, साहेब

माणसाला माहिती हवी असते, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. अट एवढीच, की ती माहिती हलता कामा नये. घड्याळाचे काटे हलतात ते माणसाने नाइलाजाने सोसले. पण त्यापलीकडे कुठलीही गोष्ट डोळ्यांसमोर वर-खाली होऊ लागली की त्याच्या पोटात गोळा येतो. हे सत्य मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांना कळायला बराच काळ जावा लागला. ज्या कंपनीची ही हकिकत आहे, तिथे ते अमलात आणण्याचा मान अशा गृहस्थांना मिळाला, ज्यांना ते मुळीच पटलेलं नव्हतं.

त्यांना सगळे काटेकाका म्हणत. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला, झेरॉक्स मशिनच्या मागे कंपनीचा काटे विभाग होता आणि काका त्याचे प्रमुख होते. हाताखाली तीन माणसं आणि एक कपाट. (कपाटाचं दार लागत नसे, म्हणून तिघांपैकी एकजण त्याला पाठ लावून बसे.) काका नोकरीला लागले तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर सात काटे होते: वेगाचा, इंजिनाच्या फेऱ्यांचा, तेलाच्या दाबाचा, बॅटरीचा, पेट्रोलचा, तापमानाचा आणि एक घड्याळ, जे कायम चुकीचं असे, पण उमेदीने चाले. पुढे एकेकाची उचलबांगडी होत गेली. तेलाचा काटा गेला, तिथे दिवा आला. बॅटरीचा गेला, दिवा आला. वेग, पेट्रोल आणि घड्याळ आकड्यांत गेले. फेऱ्यांचा काटा का गेला हे कुणालाच सांगता येत नाही. एका सोमवारी तो नव्हता, एवढंच. आता उरला होता एकच, तापमानाचा. एका टोकाला थंड, दुसऱ्या टोकाला गरम, आणि मध्ये तो इवलासा काटा. काकांचा त्याच्यावर जीव होता.

काटा आणि दिवा यांतला फरक काका नव्या माणसांना असा सांगत: "काटा सांगतो काय होतंय. दिवा सांगतो काय झालं." दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या भिंतींच्या प्रशस्त दालनात, दिवे विभाग होता. त्याच्या प्रमुख दिवेबाई. त्यांना काकांचं हे वाक्य माहीत होतं आणि ते पटतही होतं. "अहो काका, लोकांना काय झालं हेसुद्धा ऐकायचं नसतं," त्या म्हणायच्या, "तिथे काय होतंय ते कोण ऐकणार?" बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांना एकवीस माणसं होती आणि कपाटाचं दार लागत होतं.

तक्रार कक्षाच्या वार्षिक अहवालाने ठिणगी पडली. एकूण तक्रारींपैकी एकसष्ट टक्के तक्रारी एकाच विषयावर होत्या: 'तापमानाचा काटा हलतो.' चढावर तो वर जातो. सिग्नलला उभं राहिलं की वर जातो. उतारावर खाली येतो, तेव्हा काहीतरी बिघडलं असावं असं वाटतं. एका ग्राहकाने लिहिलं होतं, की काट्याकडे बघता बघता आपण पुढच्या गाडीवर आदळलो, तेव्हा काटा सुरक्षित नाही. अशा सर्व गाड्या तपासण्यात आल्या. अहवालाचा निष्कर्ष शब्दशः असा होता: 'सर्व काटे बरोबर असल्यामुळे दुरुस्त करता आले नाहीत.'

यावर 'ग्राहक मनःशांती समिती' नेमण्यात आली आणि पंधरा दिवसांनी बैठक ठरली. विषय क्रमांक एक: तापमानाचा काटा रद्द करणे. विषय क्रमांक दोन: काटे विभागाचा गाशा गुंडाळून त्यातील कर्मचाऱ्यांना सीटबेल्ट न लावल्यास कर्कश ओरडणाऱ्या यंत्राच्या विभागात पाठवणे. (त्या विभागातली माणसं घरीही मोठ्याने बोलतात, असं म्हणत.) काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. सव्वीस वर्षांची नोकरी, सहा काटे डोळ्यांदेखत गेलेले. सातवाही गेला तर आपण इतकी वर्षं नेमकं केलं काय, हा प्रश्न त्यांना पडला आणि तो काही केल्या सुटेना.

उत्तर मिळालं ते घरी, आणि तेही रागाच्या भरात. रागावल्या होत्या काकू.

झालं असं, की लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी काकांना "कसे आहात?" असं विचारलं होतं. काका खोटं बोलत नसत. डावा गुडघा कालच्यापेक्षा जास्त दुखतोय पण परवापेक्षा कमी, झोप सव्वापाच तास झाली, पोट सकाळपासून जड आहे पण दुपारनंतर उतार पडेल असं दिसतं, अशी सविस्तर माहिती त्यांनी दिली. शेजारी सातव्या मजल्यापर्यंत वर गेले, मग तळमजल्यापर्यंत खाली आले आणि शेवटी जिन्याने घरी गेले.

"अहो, काय हे!" काकू म्हणाल्या. "कसे आहात असं विचारतो तेव्हा माणसाला माहिती नको असते. त्याला पुढे जायचं असतं. मजेत म्हणावं आणि सोडावं त्याला."

"पण गुडघा दुखत असेल तर?"

"तरी मजेत."

"आणि ताप आला तर?"

"थोडाथोडका असला तर मजेतच. फारच चढला तर बघू."

काका हात पुसायचा नॅपकीन तसाच धरून उभे राहिले. संपूर्ण तांत्रिक आराखडा या दोन वाक्यांत होता. काकूंना वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं.

बैठकीत काकांनी जो प्रस्ताव मांडला त्याचं शीर्षक होतं 'काटा कायम, हालचाल रद्द'. इंजिनाचं तापमान पंच्याहत्तर अंश असो की एकशे वीस, काटा बरोबर मध्यावर उभा राहील. पंच्याहत्तरच्या खाली तो 'थंड'कडे असेल, म्हणजे गाडी सुरू केल्यावर तो हळूहळू मध्यावर येताना दिसेल आणि ग्राहकाला यंत्र जागं झाल्याचं समाधान मिळेल. त्यानंतर त्याला कोणताही त्रास दिला जाणार नाही. आतल्या प्रोग्रॅममध्ये फक्त एक ओळ बदलावी लागेल.

समितीने बाकं वाजवली. दोनशे गाड्यांवर तीन महिने प्रयोग झाला. तक्रारी: शून्य. उलट सदतीस ग्राहकांनी आपणहून कळवलं, की नवीन इंजिन जुन्यापेक्षा फार शांत प्रकृतीचं आहे. (इंजिन तेच होतं.)

काटा वाचला, विभाग वाचला. तिघांनी काकांना चहा पाजला. काकांनी स्वतःची समजूत घातली, की न हलणारा काटा हाही काटाच आहे; उद्या दिवस पालटले तर ती एक ओळ पुसायची, की हलायला लागला. दिवा काही पुसून काटा होत नाही. समजूत बऱ्यापैकी पटत होती. फक्त आपल्याच गाडीत बसलं की त्यांना समोर बघवत नसे.

काटा हलणार नाही म्हटल्यावर इशारा देण्याचं काम साहजिकच दिव्याकडे आलं. दिवेबाईंनी एकशे एकवीस अंशांना लाल दिवा सुचवला. समितीने लाल रंगावर चार बैठका घेतल्या. लाल दिवा दिसला की ग्राहक घाबरतो, घाबरला की थांबतो आणि थांबला की फोन करतो, हे आकडेवारीने सिद्ध झालं. सबब दिवा फिकट पिवळा ठरला आणि एकशे एकवीसऐवजी एकशे तीस अंशांना लावावा असं ठरलं. तोपर्यंत बऱ्याच गोष्टी आपोआप मिटलेल्या असतात. दिव्यावरचं चित्र म्हणजे पाण्याच्या लाटांत उभा थर्मामीटर. ते चाळीस जणांना दाखवण्यात आलं. चौदा जणांना ती होडी वाटली, अकरा जणांना पाण्यात पडलेली किल्ली, नऊ जणांनी 'पुढे तलाव आहे' असं सांगितलं आणि सहा जणांनी 'छान आहे' असा अभिप्राय दिला. चाळीसपैकी एकही जण घाबरला नाही, म्हणून चित्र मंजूर झालं.

अखेरची चाचणी कंपनीचे अध्यक्षसाहेब स्वतः घेणार होते. उन्हाळ्यातली दुपार, डोंगरावरचा अठ्ठावीस वळणांचा चढ, डिकीत वाळूची पोती, एसी पूर्ण. गाडी अध्यक्ष चालवणार, शेजारी काका, मागच्या सीटवर दिवेबाई. काकांच्या मांडीवर एक फाईल होती आणि फाईलखाली एक जुना, वाटोळा, खरा तापमानाचा काटा. कपाटातून काढून त्यांनी सकाळीच त्याची वायर इंजिनाला जोडली होती. का जोडली, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. सव्वीस वर्षांची सवय, दुसरं काय!

नवव्या वळणावर मांडीवरचा काटा एकशे चारवर गेला. समोरचा मध्ये.

"इंजिनाला काही त्रास नाही ना हो?" अध्यक्षांनी विचारलं.

"काटा मध्येच आहे, साहेब," काका म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं. उभ्या आयुष्यात काका खोटं बोलले नव्हते आणि आत्ताही बोलले नाहीत, पण त्यांचे कान गरम झाले. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सतराव्या वळणावर एकशे चौदा. गाडीत गोडसर वास येऊ लागला. रेडिएटरमधलं पाणी उकळून बाहेर पडू लागलं की त्यात मिसळलेल्या द्रवाचा असा वास येतो. काकांनी तो ओळखला. मागे वळून बघितलं तर दिवेबाईंनीही ओळखला होता. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"वास छान आहे," अध्यक्ष म्हणाले. "नवीन अत्तर का?"

बाविसाव्या वळणावर एकशे अठरा. काकांना आता राहवेना. आपण बोललो तर आपलाच काटा खोटा ठरणार, विभाग जाणार, तिघं सीटबेल्टच्या यंत्राकडे जाणार, हे सगळं त्यांना दिसत होतं. पण बोनेटखाली एक चांगलं इंजिन शिजत होतं, आणि तेही त्यांना दिसत होतं. जगात त्या क्षणी ते फक्त त्यांनाच दिसत होतं.

"साहेब, जरा थांबू या का?"

"का? काटा तर मध्ये आहे."

मग काकांनी ते केलं. फाईल बाजूला सारली आणि मांडीवरचा काटा उचलून अध्यक्षांच्या समोर धरला. "साहेब, हा खरा. हा बघा. एकशे एकोणीस. तो समोरचा हलतच नाही, मीच तसा केलाय."

अध्यक्षांनी गाडीचा वेग कमी केला. आधी त्यांनी वाटोळ्या काट्याकडे बघितलं. तो 'गरम'च्या रेघेवर थरथरत होता. मग समोरच्याकडे बघितलं. तो मध्ये होता. परत एकदा इकडे, एकदा तिकडे.

"यातला आपल्या कंपनीचा कुठला?" अध्यक्षांनी विचारलं.

"समोरचा."

"मग हा खाली ठेवा बघू. चालवणाऱ्याचं लक्ष जातं." आणि त्यांनी पुन्हा वेग वाढवला. "उगाच जिवाला घोर. कशाला हवेत हे नसते उद्योग?"

चोविसाव्या वळणावर फिकट पिवळा दिवा लागला. "अरे वा, पुढे तलाव आहे वाटतं," अध्यक्ष म्हणाले. पंचविसाव्यावर बोनेटखाली धाडकन आवाज झाला, काच वाफेने पांढरी झाली आणि गाडी घरंगळत कडेला जाऊन थांबली. काटा मध्ये होता.

तिघंही खाली उतरले. इंजिन कायमचं गेलं होतं. अध्यक्षांनी वाफेतून वाट काढत काकांचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे पाणावले होते (काही अंशी वाफेने).

"काका, तीस वर्षं गाडी चालवतोय," ते म्हणाले. "दर चढाला मला धाकधूक व्हायची. आज शेवटच्या सेकंदापर्यंत एका क्षणाचीही काळजी वाटली नाही. मधली तुमची ती गंमत सोडली, तर."

चाचणी यशस्वी झाल्याचं परिपत्रक निघालं. स्थिर काटा सर्व गाड्यांना लागू झाला. काकांना बढती मिळाली, विभागाला दुसऱ्या मजल्यावर काचेची भिंत मिळाली. कार्यशाळेतले खरे काटे मात्र मोजून जमा करून घेण्यात आले, कारण ते बघून कामगार अस्वस्थ होतात. दिवेबाईंनी काकांचं अभिनंदन केलं. काकांना वाईट वाटत होतं. ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

आता काही चिकित्सक वाचक म्हणतील, अध्यक्षच मूर्ख. आम्ही असतो तर मांडीवरच्या काट्यावर विश्वास ठेवला असता. जरूर. ज्या दोनशे ग्राहकांवर प्रयोग झाला, त्यांना शेवटी एक फॉर्म देण्यात आला होता. हलणारा काटा हवा असेल तर तो बसवून मिळेल, विनामूल्य. एकशे अठ्ठ्याण्णव जणांनी नको म्हटलं. एकाने हवा म्हटलं. फोन करून खात्री केल्यावर कळलं, की त्याची खूण चुकून दुसऱ्या चौकटीत पडली होती. उरलेला एक फॉर्म अजून परत आलेला नाही. तो ग्राहक तुम्हीच असाल, यात आम्हांला शंका नाही.

बरं, तुमच्या गाडीतही हा काटा असेल. आज घरी येताना तो कुठे होता, आठवून बघा बरं.

मध्ये ना?

बघा, किती बरं वाटलं.