सतराचा पाना

बेकरीवाला संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता, आणि दुपारची जेवणं आटोपल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं की गाडी इंजिनातल्या जुन्या तेलानिशी या घरातून जाणार नाही.

"अगं आई, तो बदलून घेईल की तेल," त्यांची मुलगी म्हणाली. "विकलेल्या गाडीचं आपण कशाला करत बसायचं?"

"यांनी कधी गॅरेजवाल्याला गाडीला हात लावू दिला नाही. घरीच झालं पाहिजे."

घरी म्हणजे कोणी, हे विचारायची गरजच पडली नाही. दोघींनी जावयाकडे पाहिलं. जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. तिळाएवढे स्क्रू तो लीलया बसवायचा, पण सात माणसं पोटात घेणाऱ्या त्या धिप्पाड गाडीच्या बॉनेटखाली त्यानं आजवर डोकावलं नव्हतं. खरं म्हणजे त्याला डोकावू दिलं नव्हतं. "जावयाच्या हातात पाना देऊ नका, हरवून बसेल," असं सासरे चारचौघांत हसत हसत म्हणायचे. जावई तेव्हा मनातल्या मनात चरफडायचा. आता तसं म्हणणारं माणूसच राहिलं नव्हतं, आणि त्याचं त्याला जास्त वाईट वाटायचं.

"कर ना," बायको त्याला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली. "बाबा गेल्यापासून आज पहिल्यांदा तिनं तोंड उघडून काहीतरी मागितलंय."

तेव्हा तो तेलाचा डबा आणि नवा फिल्टर घेऊन आला. त्याची चांगली पँट खराब नको म्हणून बायकोनं त्याला बाबांची कामाची पँट दिली. ती कमरेला ढगळ होती आणि खाली चांगली वीतभर दुमडावी लागली. सासूबाई अंगणात खुर्ची टाकून हत्यारांच्या पेटीशेजारी बसल्या. लग्न झाल्यापासून तेल बदलताना पाने देण्याचं काम त्यांचंच होतं.

पेटी उघडली आणि तिथेच माशी शिंकली. सासऱ्यांनी आतल्या फोममध्ये एकेका पान्याच्या आकाराची खाच कापून ठेवली होती. सगळ्या खाचा भरलेल्या होत्या, फक्त सतरा नंबरच्या पान्याची रिकामी होती. आणि तेल सोडायचा इंजिनाच्या तळाचा बोल्ट नेमका सतराचा.

"तुम्ही नेला होता का?" सासूबाईंनी विचारलं.

"मी? मला कोण देणार होतं पाना?"

हे त्यांना पटलं. तरी घरभर शोध झाला. कपाटं झाली, माळा झाला, सासऱ्यांच्या कोटाचे खिसेसुद्धा झाले. त्या खिशांत एक कंगवा आणि खोकल्याच्या गोळ्या निघाल्या, आणि मायलेकी बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. शेवटी जावई शेजारच्या प्लंबरकडून त्याचा पाइप-पाना मागून घेऊन आला. त्या पान्यानं विहिरीचा पंप उचकटता आला असता.

तेल खाली धरायला सासऱ्यांनी जुना पत्र्याचा डबा आडवा कापून एक ट्रे केला होता. बायकोनं तो अडगळीतून काढला, त्यातली वाळलेली रोपं आणि माती झटकून टाकली आणि त्याच्या हातात दिला. जावयानं इंजिन थोडा वेळ चालू करून तेल गरम केलं, मग बंद केलं आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेला.

"आता काय करायचं?" खालून आवाज आला.

सासूबाईंना तेल बदलण्यातलं सगळं ठाऊक होतं, पण फक्त ऐकून. गाडीखाली काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नवरा खालून काय काय बोलायचा, तेवढं त्यांना क्रमवार पाठ होतं.

"आधी 'दे गं सतरा' म्हणायचे. मग थोडा वेळ शिव्या द्यायचे. मग 'सुटला' म्हणायचे."

जावयानं जोर लावला. पाना सटकला आणि त्याच्या बोटांची सालं निघाली.

"शिव्या दिल्यात का?" वरून विचारणा झाली.

"नाही, आई."

"मग सुटणार कसा? द्या, मी ऐकत नाही."

जावयानं अगदी हळू आवाजात एक शिवी दिली. बोल्ट हलला नाही. त्यानं दुसरी दिली, ती जरा मोकळ्या मनानं. वर सासूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. मग हसता हसता त्यांची नजर गाडीखालून बाहेर आलेल्या पायांकडे गेली. गुडघ्यावर ठिगळ असलेली ती करडी पँट, डावा पाय किंचित तिरका.

"अहो, कंबर सांभाळा," त्या म्हणाल्या.

जावई खाली निपचित पडून राहिला. आपण ओ द्यावी की देऊ नये, हे त्याला कळेना.

मग सासूबाई पायांकडे न बघता बोलायला लागल्या. "मागच्या खेपेला यांची कंबर धरली होती. मी म्हटलं, पुन्हा गाडीखाली गेलात तर पाना मागू नका, मी द्यायची नाही. हे म्हणाले, बरं बाई, राहिलं. मग ताप आला, छातीत कफ झाला, दवाखान्यात गेले ते गेलेच. गाडी तशीच राहिली. एवढं एकच काम त्यांनी अर्धवट सोडलं, तेही माझ्या हट्टापायी."

म्हणजे तेलाचा हट्ट यासाठी होता. जावयानं डोळे मिटले आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ पान्याला दिलं.

"सुटला," तो म्हणाला.

सुटला तो असा की बोल्ट ट्रेमध्ये पडला, आणि कोमट तेलाची धार आधी जावयाच्या चष्म्यावर आणि मग ट्रेमध्ये आली. त्याला सगळं जग मधासारखं पिवळं दिसायला लागलं. जुनं तेल तर काळं असतं, मग मधासारखं का, हा विचार त्याच्या मनात आला, तेवढ्यात पाठ ओली झाली.

"ट्रे गळतोय!"

बायकोनं कपाळावर हात मारला. "रोपांचं पाणी जावं म्हणून मीच तळाला भोकं पाडली होती रे."

तेल अंगणभर झालं. जावई बाहेर यायला धडपडला, आधारासाठी त्यानं वर चाचपडत एका आडव्या पट्टीला धरलं, आणि तिच्यावरून काहीतरी ठणकन त्याच्या कपाळावर पडलं. तो बाहेर आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत तेलात न्हालेला होता, कपाळावर टेंगूळ होतं आणि हातात सतराचा पाना होता.

"आई," तो चष्मा पुसत म्हणाला, "हे तेल जुनं नाही. नवं कोरं आहे. बोट बुडवून बघा. फिल्टरही नवाच दिसतोय."

सासूबाईंनी फरशीवरच्या तेलात बोट बुडवलं आणि उन्हात धरलं.

"तू मावशीकडे राहायला गेली होतीस ना," मुलगी हळूच म्हणाली, "तेव्हाच बदललं असणार."

"खोटारडे," सासूबाई म्हणाल्या. "मला सांगतात राहिलं, आणि पाठ वळल्यावर खाली जातात." मग त्यांचा आवाज पडला. "म्हणजे माझ्यावाचून जमत होतं त्यांना."

जावयानं पाना पुढे केला. "कुठे जमलं? हा तिथेच राहिला, वरच्या पट्टीवर. परत घ्यायला कुणी नव्हतं."

त्यांनी हात पुढे केला, सवयीनं पाना घेतला, सवयीनंच फडक्यानं पुसला, आणि मग पेटीकडे न जाता खुर्चीत बसून मनसोक्त रडल्या. मुलगी त्यांच्या गुडघ्याशी बसून राहिली. जावयानं तोच पाना थोडा वेळ मागून घेतला, बोल्ट घट्ट केला आणि परत दिला. नवं तेल काढून टाकून त्याच्या जागी नवं तेल घालणारा तो बहुधा पहिलाच माणूस असावा. आणलेला फिल्टर त्यानं पेटीत ठेवून दिला आणि अंगणात लाकडाचा भुसा पसरला.

बेकरीवाला आला. भुसा पाहून त्यानं वाकून गाडीखाली नजर टाकली. "गळते का हो?"

"गाडी नाही, ट्रे," जावई म्हणाला. त्याचा एकूण अवतार पाहून बेकरीवाल्याला ते खरं वाटलं. त्यानं इंजिन चालू केलं, कान देऊन ऐकलं आणि समाधानानं मान हलवली. पेटीही गाडीबरोबर जायची होती. ती उघडून त्यानं खाचांवरून बोट फिरवलं.

"सतरा दिसत नाही यात."

सासूबाईंचा उजवा हात स्वेटरच्या खिशात होता. खिसा एका बाजूला लोंबत होता. त्यांनी जमिनीकडे पाहिलं. चष्मा अजून तेलकट होता, तरी जावयाला सगळं स्पष्ट दिसलं.

"माझ्याकडून हरवला," तो म्हणाला.

"असू दे, होतं असं," बेकरीवाला म्हणाला आणि पेटी मागच्या सीटवर ठेवून निघाला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिघं फाटकाशी उभी होती. मग सासूबाईंनी खिशातला हात बाहेर न काढता दुसऱ्या हातानं जावयाच्या कपाळावरचं टेंगूळ चाचपलं.

"ते म्हणायचेच," त्या म्हणाल्या, "तुम्ही हरवणार म्हणून."