उपाशी पोटी

निरगुडसरच्या कुशाबाईला डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाठ होता, आणि घोटाळा नेमका तिथंच झाला.

मंचरच्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याचं, सावळारामअण्णांचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. "पोटात आम्ल जास्त होतंय," म्हणाले आणि महिनाभराच्या कॅप्सूल लिहून दिल्या. "रोज सकाळी एक. उपाशी पोटी. एकही दिवस चुकवायचा नाही."

त्याच संध्याकाळी शेजारच्या गेणभाऊंच्या घरी भरतचा फोन आला. भरत म्हणजे अण्णांचा मुलगा, भोसरीच्या कंपनीत होता. "आई, म्हैन्यात फरक पडला न्हाई तर अण्णांना मी पुण्याला आणणार. मोठ्या डाक्तरकडं. चार-सहा म्हैने ऱ्हातील हितंच."

चार-सहा महिने! गोठ्यात दोन गाई दुभत्या. दोघांनी जायचं तर धारा कोण काढणार? म्हणजे अण्णा तिकडं आणि आपण इकडं. चाळीस वर्षांच्या संसारात कुशाबाई माहेरीसुद्धा चार रात्रींच्या वर राहिली नव्हती. तिनं कॅप्सूलची पहिल्या पंधरा दिवसांची पाकिटं देवापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि पदर खोचला.

आता, काही न खाता घ्यायच्या औषधाला तिच्या घरात 'अनशापोटी' म्हणत. उपाशी म्हणजे उपास धरलेला. तिनं सरळ अर्थ लावला.

"आवं, डाक्तरनी उपास सांगितलाय. रोजचा. म्हैनाभर."

अण्णांनी जन्मात एकादशीलाही भाकरी सोडली नव्हती. "रोजचा? अगं, त्यो डाक्तर हाय का बुवा?"

"उपाशी पोटालाच गोळी लागू पडती, म्हनले न्हाईत का?"

"मंग तुज्या एकादश्या कामाला येत्याल. तूच घे गोळी."

पण कॅप्सूल उपासाला चालते का, हे पाहायला नको? कुशाबाईनं एक कॅप्सूल अलगद उघडली आणि तळहातावर ओतली. आत पांढरेशुभ्र, गोल, बारीक दाणे.

"बघा! साबुदाणाच हाय की. बारका. आता बोला!"

अण्णा काय बोलणार? समोर पुरावा होता.

दुसऱ्या दिवसापासून घरात उपास नांदायला आला. सकाळी कॅप्सूल, तिच्यावर साबुदाण्याची खिचडी. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची झणझणीत आमटी. संध्याकाळी बटाट्याचा कीस, वर तळलेल्या पापड्या. कुशाबाईनं स्वतःही उपास धरला. "तुमी उपाशी आन मी भाकरी मोडू व्हय?" दोघं समोरासमोर बसत, एकाच परातीत. खिचडी मोत्यासारखी सुटी व्हायची. अण्णांच्या छातीत मात्र पारगावच्या साखर कारखान्याची भट्टी पेटायची.

"फरक हाय का?"

"जळतंय गं लई."

"मंग कुटंतरी उपास मोडतोय तुमचा. तंबाखू थुका आदी!"

अण्णांनी तंबाखू थुंकली. तरी जळलं. कुशाबाईनं शेंगदाणे वाढवले, कारण माणूस अशक्त दिसायला लागला होता. मग आणखी जळलं.

पंधरा दिवसांनी उरलेली पाकिटं आणायला अण्णा एकटेच मंचरला जाऊन आले आणि त्या दिवसापासून चमत्कार झाला. "फरक हाय का?" विचारलं की अण्णा म्हणत, "हाय की! निम्मं उतारलं." कुशाबाईचा जीव भांड्यात पडला. फक्त जेवण झालं की अण्णा गोठ्यात जाऊन बसत आणि तिकडून मोठमोठे ढेकर ऐकू येत.

"आवं, कोण ढेकर देतंय?"

"गाय हाय!"

"गाय 'आई गं' म्हनती व्हय?"

अशी गोष्ट गावात लपून राहत नाही. रोजचा उपास म्हणजे मोठा नवसच असणार. जानकूनं पाटीभर रताळी आणून दिली. कोंडाबाईनं राजगिऱ्याचे लाडू दिले आणि अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं. गेणभाऊंनी हळूच विचारलं, "अण्णा, कशासाटी धरलंय एवढं?"

अण्णा छाती चोळत म्हणाले, "पोटासाटी, राव."

गेणभाऊंचे डोळे चमकले. भरतच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. पोटासाठी म्हणजे सुनेच्या पोटासाठी! रविवारी त्यांनी भरतला फोनवर सांगून टाकलं, "पेढं पायजेत बरं का! तुज्या बापाच्या उपासाला फळ येनार."

भरतनं बायकोकडं पाहिलं. प्राची तेव्हा स्टुलावर चढून जळमटं काढत होती. "तू मला काय सांगितलं न्हाईस?" "काय सांगायचं?" तासभर कडाक्याचं भांडण झालं, आणि त्यातून एकच गोष्ट निष्पन्न झाली, की गावाकडं काहीतरी भलतंच चाललंय.

दुपारी भरत मित्राची जीप घेऊन दारात हजर. परातीत खिचडी, भोवती पापड्या, आणि अण्णा निम्मे झालेले.

"उपास कुणी सांगितला?"

"डाक्तरनी," कुशाबाई ठामपणे म्हणाली. "चिठ्ठी वाच."

भरतनं चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग मटकन खालीच बसला. "आई, उपाशी पोटी म्हंजी अनशापोटी गं! गोळी घ्यायची, आन अर्ध्या तासानं जेवायचं!"

कुशाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणजे हा सगळा जाळ आपण घातला? आपल्याच हातानं? तिचा चेहरा एवढासा झाला.

"काय न्हाई, मी न्हेतोच अण्णांना," भरत म्हणाला. "हितं ठेवण्यात राम न्हाई."

तिनं मान खाली घातली.

"तिला बोलू नगं," अण्णा म्हणाले. "मला ठावं व्हतं."

"काय?"

"मंचरला गेलो तवा कंपाउंडर म्हनला, अण्णा, गोळीनंतर झकास भाकरी खा."

"आन तरी पंदरा दिस जळत बसलात?" कुशाबाई कडाडली. "भरतनं न्हेलं आसतं म्हंजी?"

"म्हनून तर गोठ्यात ढेकर देत व्हतो." अण्णांनी परातीच्या कडेवरून बोट फिरवलं. पोरासमोर बोलायची लाज वाटत होती, म्हणून ते परातीशीच बोलले. "भाकरीच्या दिसाला ही तव्यापाशी, मी पाटावर. गरम गरम वाढती. मी हात धुतला का मंग ही बसनार. खिचडी एकदाच व्हती, म्हनून ही समोर बसती. चाळीस वर्सांत ही घास कसा खाती, मी बगितलंच नव्हतं." त्यांनी कडेचा एक साबुदाणा बोटानं टिपला. "चवीचा घास आला का डोळं मिटती."

गोठ्यात खरोखरीची गाय हंबरली. भरतनं चिठ्ठीची घडी घातली, "सोमवारपासून परत एक म्हैना. नीट घ्या," म्हणाला आणि रिकामी जीप घेऊन गेला.

सोमवारी अण्णांनी कॅप्सूल घेतली आणि अर्धा तास ओट्यावर बसून घड्याळाच्या काट्यावर डोळे लावले. आत कुशाबाईनं सगळ्या भाकऱ्या एकदम थापल्या, भाजल्या, दुरडीत ठेवल्या, चूल विझवली आणि दुधीची भाजी वाढून अण्णांच्या समोर बसली.

अण्णांनी भाकरी मोडली. "गार झाली गं."

"गरम टाकू?" ती अर्धवट उठली.

"बस! बस खाली!" अण्णांनी तिचा पदरच धरला. "गारच लई ग्वाड लागती."

कुशाबाई बसली. तिनं घास घेतला. अण्णा टक लावून बघताहेत हे तिला माहीत होतं, म्हणून डोळे उघडे ठेवायचा तिनं फार प्रयत्न केला.