मागचं लोणी

आमच्या शेजारचे डोंगरे भाऊजी माणसाशी बोलता बोलता मागे सरकतात. तुम्ही "काय म्हणता?" विचारलंत की एक पाऊल मागे, "बरं आहे" म्हणताना आणखी एक. नव्या माणसाला वाटतं, आपल्या तोंडाला वास येतोय. गेल्या हिवाळ्यात असेच मागे जाता जाता ते काटोलच्या संत्र्यांनी भरलेल्या ठेल्यावर जाऊन बसले. ठेलेवाला ओरडला. भाऊजींनी त्याला नीट निरखलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमचा चेहरा पंच्याऐंशीचा आहे."

पंच्याऐंशी म्हणजे पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स. मिहानमधल्या एका कंपनीतून निवृत्त झाल्यावर भाऊजींनी कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून माणसांचे चेहरे काढण्यासाठी लेन्स शोधायला लागले. प्रश्न एकच : पंच्याऐंशी की एकशेपस्तीस? पहिलीसाठी माणसाच्या जवळ जावं लागतं, दुसरीसाठी लांब उभं राहावं लागतं. सगळी कॉलनी त्यांनी अशी वाटून टाकली होती. दूधवाला पंच्याऐंशी. मी एकशेपस्तीस.

"माझं काय चुकलं?" मी विचारलं.

"नाक, वहिनी. जवळून काढलं तर नाकच येईल, तुम्ही मागून याल."

"मग झूमवाली घ्या ना. एकीत सगळं भागेल."

भाऊजींचा चेहरा मी त्यांच्या चहात मीठ घातल्यासारखा झाला. "झूम काहून घेऊ? प्राइम पाहिजे. ती जागची हलत नाही, आपण हलायचं. आन तोंड मोठं पाहिजे तिचं. जितकं मोठं तोंड उघडते, तितकं मागचं लोणी होते."

'मागचं लोणी' हा त्यांचा परवलीचा शब्द. चेहरा लख्ख आणि मागचं सगळं वितळलेलं, असा फोटो म्हणजे लोणी. कूलर, दोरीवरचे कपडे, भिंतीवरचा गुटख्याचा रंग, सगळ्याचं लोणी झालं पाहिजे. आमच्या भाच्याच्या लग्नात जेवणाची ओळ पाहून म्हणाले, "व्याह्यांचं लोणी झालं असतं तर नवरा-नवरी छान दिसले असते." व्याही मागेच उभे होते.

बर्डीच्या बाजारातला कॅमेऱ्याचा दुकानदार त्यांना दुरून पाहिलं की जेवायला जायचा. ते दर शनिवारी जायचे, दोन्ही लेन्सा हातात घ्यायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. एकशेपस्तीस जवळपास किलोभर वजनाची. हात कापेल का, हे पाहायला त्यांनी घरी तुरीच्या डाळीचं किलोचं पाकीट डोळ्यासमोर धरून बसायचा सराव सुरू केला. डाळ आमच्याकडूनच नेली होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण एका दुपारी मला दिसलं की ते पाकीट त्यांच्या खिडकीच्या जाळीमागून थेट आमच्या अंगणात रोखलेलं आहे.

मी मनात ठेवणाऱ्यांपैकी नाही. सरळ खिडकीशी गेले. "भाऊजी, काय पाहून राहिले?"

डाळ खाली आली. पहिल्यांदाच ते एका जागी उभे राहिले. मागे पलंग होता.

"पुष्पाले," ते म्हणाले.

पुष्पा म्हणजे त्यांची बायको. थंडीत दुपारी ती माझ्या अंगणात उन्हाला येऊन बसते. आम्ही तुरीच्या शेंगा सोलतो आणि कॉलनीलाही सोलतो. पुष्पाचं हसू मोठं, दात थोडे पुढे, हसली की अंगणातली चिमणी उडते.

"लग्नात फोटोवाला तिले म्हणाला, नवरीबाई, दात झाका. तेव्हापासून कॅमेरा दिसला की तोंड मिटते. रेशनकार्डावरचा फोटो पाहा आन मुलीच्या लग्नातला पाहा, एकच तोंड. मी तिचं हसू रोज या खिडकीतून ऐकतो, वहिनी. माह्या घरात त्याचा एक फोटो नाही."

मग हळूच म्हणाले, "पंच्याऐंशी घेतली तर तुमच्या अंगणात यावं लागते. ती पाहील. एकशेपस्तीस इथूनच पुरते. आन तोंड मोठं असलं की ही जाळीसुद्धा गायब होते म्हणते तो दुकानदार. पण पुष्पानं फोटो फाडला तर?"

"तर फाडला. मग पुन्हा काढा. आधी घ्या ती एकशेपस्तीस, आमची डाळ सुटेल."

त्यांनी घेतली. मला फक्त खिडकीकडे पाठ करून बसायचं होतं आणि पुष्पाला हसवायचं होतं. पहिलं अवघड नव्हतं. दुसऱ्यासाठी मी तिला तो संत्र्यांचा ठेला पुन्हा सांगितला, भाऊजींच्या पाठीला चिकटलेल्या सालींसकट.

आठवड्याने भाऊजी फोटो घेऊन अंगणात आले. कॅमेरा गळ्यात, फोटो पाठीमागे. तो पुष्पाच्या हातात दिला आणि लगेच एक पाऊल मागे सरकले.

पुष्पाने फोटो उन्हात धरला. दात, हिरड्या, डोळ्यांतलं पाणी, सगळं होतं. जाळी कुठेच नव्हती.

"ताई, हे कोपऱ्यात केशरी काय आहे वं?"

"मी," मी म्हटलं. माझा अंबाडा आणि केशरी पदराचा खांदा मिळून एक फराटा झाला होता.

"पुढचंही लोणी होते," भाऊजी पुटपुटले.

पुष्पाने फोटो सुपात, सोललेल्या दाण्यांवर जपून ठेवला. "काहून जी, चोरासारखा काढला? विचारता नाही येत?"

"विचारलं की तू तोंड मिटते."

"मग आता विचारा. जवळून काढा एखादा."

भाऊजी विचारात पडले. "जवळून म्हणजे... मग पंच्याऐंशीच घ्यावी लागते."

पुष्पा जी हसली, ती सुपावर हात मारून, तोंड पूर्ण उघडं टाकून. कॅमेरा त्यांच्या गळ्यातच होता. भाऊजींनी तो उचलला नाही. मागेही सरकले नाहीत. तिच्याजवळ उकिडवे बसून ते नुसते पाहत राहिले, आणि मी चहा टाकायला आत गेले.