खणात एकीचीच जागा

रविवारी सकाळी दहा वाजता कारखानीसांच्या हॉलमध्ये ब्ल्यू-रे डिस्क आणि व्हिडिओ कॅसेट यांची मुलाखत होती. टीव्हीखालच्या नव्या खणात जागा एकीचीच, आणि जी हरेल ती दुपारी भंगारवाल्याकडे. दोघींत आईबाबांचं एकच लग्न होतं, डिस्कवरचं कॅसेटवरूनच उतरवलेलं.

लेक उर्वी आधीच डिस्कवर फिदा. काय चकाकते! काय बोलते!

"शिक्षण?" बाबांनी चष्मा लावून विचारलं.

"चित्रात एक हजार ऐंशी ओळी. अक्षतेचा दाणा न् दाणा मोजून घ्या."

"आणि बाई, तुम्ही?"

"दोनशे चाळीस," कॅसेट म्हणाली. "त्याही थरथरतात."

"बाबा, संपलंच की मग!" उर्वी ओरडली.

"थांब गं, भवाने," आई म्हणाली. "मला एकच विचारायचंय. अंतरपाट धरलाय, मागे माझे अण्णा उभे आहेत. त्यांचा चेहरा?"

आईच्या वडिलांचा, अण्णांचा, हलता चेहरा जगात तेवढाच होता. ते गेल्यापासून आई दर दिवाळीला तिथेच पॉज दाबून बसायची.

डिस्क खरं ते बोलली, "तिथे मला नुसता पांढरा पट्टा दिसतो, काकू."

"दिसणारच," कॅसेट म्हणाली. "वहिनी, तुम्ही तिथेच थांबवायचात. मी तिथेच झिजले."

आईनं पदर तोंडाला लावला. उर्वी आईजवळ जाऊन बसली.

"पण पाठ आहे मला," कॅसेट म्हणाली. "घे गं पोरी, लिहून. टोपी तिरकी. टोपीला हळदीचं बोट. खालचा ओठ आत ओढलेला."

डिस्क लिहीत गेली, हळदीतल्या बोटाच्या रेषांसकट. उर्वी बघतच राहिली. एकीची आठवण अफाट, दुसरीचं अक्षर अफाट!

"हसत होते ना?" आईनं विचारलं.

"नाही. रडू दाबत होते."

"वाटलंच होतं मला."

डिस्क लावली. अण्णा आले, ओठ दाबलेले, अगदी समोर. आईनं हात जोडले. बाबांनी कागदावर डिस्कचं नाव लिहून सही केली आणि तिला डबीत घालून खणात ठेवलं.

"योग्य निवड," कॅसेट म्हणाली. "एवढंच करा, मला रिवाइंड करून द्या. व्हिडिओ लायब्ररीचा नियम होता. अर्धवट परत जायचं नसतं."

आईनं स्वतः बटण दाबलं, चित्र चालू ठेवून. सगळे उभे राहिले. डिस्कसुद्धा तिच्या डबीत ताठ झाली. हार गळ्यांतून निघाले. हार गळ्यांतून निघाले. पांढरा पट्टा सरकन गेला. मांडव रिकामा झाला, आणि हिरव्या शालूतली आई उलट्या पावलांनी चालत चालत माहेरच्या उंबऱ्याच्या आत गेली.

टक्कन आवाज झाला.

"पोचले," कॅसेट म्हणाली.

खाली भंगारवाल्यानं हाक दिली. डिस्क काही न बोलता खणात आडवी होती ती उभी झाली आणि भिंतीला चिकटली. आईनं कॅसेट शेजारी सारली. बरोब्बर मावली.

"जुने पेपर आहेत, तेवढेच न्या," उर्वी खिडकीतून ओरडली.