नानांच्या देखरेखीखाली इंग्रजी

आमच्या काळाचौकीच्या चाळीत दर रविवारी सकाळी नऊ ते बारा संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा द्यायला बंदी होती. सरकारची नव्हे, शेजारच्या नानांची. खाली फलक रंगवणारी पोरं ओरडली की नाना गॅलरीतून वाकून गरजायचे, "अरे, महाराष्ट्र बारानंतर मागा! वर इंग्रजीचा पेपर चाललाय!" आणि हेच नाना मोर्चा असला की सगळ्यांच्या पुढे.

पेपर माझा असे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, इंग्रजीत एकदा नापास झालो होतो. पुन्हा झालो तर वडील गिरणीत चिकटवणार, हे ठरलेलं होतं. म्हणून मी कॉलेजच्या लायब्ररीतून सरावासाठी जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून आणल्या. नानांनी त्या पाहिल्या आणि मला न विचारता ते परीक्षक झाले.

नानांना इंग्रजीचं एक अक्षरही येत नव्हतं. ते गिरणीत घडी खात्यात होते. तयार कापडातले दोष शोधण्यात त्यांची वीसेक वर्षं गेलेली. माझा पेपरही ते तसाच तपासत. खिडकीशी उजेडात धरायचा, ओळींवरून बोट फिरवायचं आणि शाई दाटली असेल तिथे लाल पेन्सिलीने गोल करायचा. "इथे हात अडला तुझा. दोष आहे." ज्याला वाचता येत नाही त्याने माझी चूक काढावी, याचा मला फार राग यायचा. शब्दकोश उघडला की त्या गोलांतलं निम्मं तरी चुकलेलं निघे. मग तर जास्तच राग यायचा.

प्रश्न मात्र त्यांना मराठीत सांगावे लागत. तिथे त्यांचा संताप सुरू होई.

"काकांनी वाढदिवसाला घड्याळ पाठवलं, आभाराचं पत्र लिहा," मी एकदा सांगितलं.

"तुझ्या काकाने कधी घड्याळ पाठवलं?"

"नाही."

"मग खोटे आभार कशाला? का नाही पाठवलंस, असं विचार त्याला!"

"मार्क जातील, नाना."

"जाऊ देत! साहेब गेला नि पेपर ठेवून गेला. आम्ही इथे राज्य मागतोय आणि ह्यांना निबंधात समुद्रकिनाऱ्यावरची सहल पाहिजे! शिवडीचा चिखल लिही. कळू दे मेल्यांना."

मी सहलच लिहिली. नाना आठवडाभर बोलले नाहीत. रविवारी नऊच्या ठोक्याला मात्र पेन्सिलीला टोक काढून दारात हजर.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी नेमका सकाळीच मोठा मोर्चा निघाला. चाळ रिकामी झाली. मी चाचरत म्हटलं, "नाना, तुम्ही जा. मी एकटा लिहितो."

"एकटा? मग वेळ कोण बघणार? गप लिही!"

लांबून घोषणा ऐकू येत होत्या. मी मान वर केली तर नाना समोर ताठ बसलेले, मूठ आवळलेली, आणि आवाज न करता ओठ हलत होते.

मी पास झालो. पेढा घेऊन गेलो तर नाना खवळलेच. "संपली परीक्षा? म्हणजे आता पेपर नाहीत?"

आई मागे म्हणाली होती, काकी, म्हणजे नानांची बायको, गेल्यापासून नाना सुट्टीच्या दिवशी खोलीत बसत नसत. सकाळी उठून वरळीपर्यंत चालत जायचे, तिथेच कुठेतरी बसून राहायचे. माझे पेपर सुरू झाले तेव्हाच ते थांबलं होतं.

"बीएला इंग्रजी असतं ना, नाना," मी म्हटलं. "आणखी दोन वर्षं. याहून कठीण."

"दोन वर्षं?" नाना उंबऱ्यावरच बसले आणि अख्खा पेढा तोंडात टाकला. "काय छळतात रे पोरांना! प्रश्न उतरवून आण तू. बघतोच एकेकाला."