विदरकोम्ब हॉलसमोरचं तळं

हेस्टर पिमबाईंनी आयुष्यात एकदाच कप बशीत न ठेवता भलतीकडे ठेवला आणि तो नेमका विदरकोम्ब हॉल या जुन्या हवेलीच्या एकशेतीस वर्षांपूर्वीच्या फोटोवर. हॉलची देखभाल करणाऱ्या गावकमिटीने तो त्याच दिवशीच्या बैठकीत चौकटीत बसवण्यासाठी त्यांच्याकडे सोपवला होता. बिस्किटांची ताटली आली, त्यांचं लक्ष तिकडे गेलं, आणि कप उचलला तेव्हा हवेलीसमोरच्या हिरवळीवर चहाचं गोल तपकिरी वर्तुळ उमटलेलं होतं.

त्या तोंड उघडणार, इतक्यात अध्यक्ष टॅलिस फोटोवर वाकले आणि म्हणाले, "अरेच्चा, इथे पूर्वी तळं होतं की."

आता चारचौघांत अध्यक्षांना खोटं कसं पाडायचं? हेस्टरबाई म्हणाल्या, "किती छान." झालं. पुढच्या बैठकीत तळं पुन्हा खोदण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या दुकानदाराने तर कौतुकाने सहा सोनेरी मासेही भेट पाठवले.

जागा मोजली तेव्हा मात्र हेस्टरबाईंच्या ध्यानात आलं: तळं बरोबर गिल्बर्टच्या गुलाबांवर येत होतं. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्याने लावलेल्या त्या चार झाडांना आठवड्याच्या बातम्या सांगितल्याशिवाय त्यांचा रविवार सरत नसे. त्यांनी कमिटीला तीन पत्रं लिहायला घेतली. प्रत्येकात हवापाण्याची चौकशी आणि दिलगिरी इतकी लांबली, की कबुलीला जागाच उरली नाही.

शनिवारी सकाळी सगळी मंडळी छत्र्या आणि केक घेऊन हजर झाली. नॉर्मन माळ्याने पहिल्या गुलाबाच्या बुंध्याशी फावडं टेकवलं, आणि हेस्टरबाईंना राहवलं नाही.

"थांब, नॉर्मन. इथे तळंबिळं काही नव्हतं. तो माझ्या कपाचा डाग आहे."

टॅलिस कानापर्यंत लाल झाले. "ठाऊक आहे मला," ते पुटपुटले. "कप ठेवताना पाहिलं होतं ना मी. तुमची पंचाईत नको, म्हणून तळं म्हटलं."

"मग ठराव कशाला मांडलात?"

"तुम्ही छान म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला तळं हवंच आहे."

बाकीचे आपापले बूट न्याहाळू लागले. चहाचा डाग त्यांनीही ओळखला होता, पण अध्यक्षांचा शब्द मोडायचा कोणी?

"आणि तू रे, नॉर्मन?" हेस्टरबाईंनी विचारलं.

"माझा आजाही इथलाच माळी, बाई. तळं असतं तर बोलला असता. पण मला विचारलंय कुणी?"

हेस्टरबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. गुलाब वाचले. उरले ते मासे. ते परत पाठवले तर दुकानदाराला वाईट वाटेल, यावर मात्र खरंच सगळ्यांचं एकमत झालं. म्हणून गुलाबांपुढे एक जुना गोल पत्र्याचा टब ठेवून त्यात ते सोडले.

त्या उन्हाळ्यात टॅलिसांनी हॉलचा नवा फोटो काढला. तो चौकटीत बसवताना हेस्टरबाईंनी चहा स्वयंपाकघरातच ठेवला. फोटो निरखताना हिरवळीवर जवळपास त्याच जागी टबाचं एक गोल वर्तुळ दिसलं. शंभर वर्षांनी कोणीतरी हा फोटो पाहील आणि हमखास म्हणेल, कुणा वेंधळ्या बाईने याच्यावर कप ठेवला होता.