आधी कडी दाखव

आमची शेजारीण इंदू सावंत कुणाकडेही गेली, की पाणीसुद्धा न पिता आधी मोरीच्या दाराची कडी बघायची. मुलुंडच्या आमच्या चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला, सगळ्यांचे डोळे पडद्यावर, आणि ही कुबडी टेकत सरळ आत मोरीकडे. "आधी कडी दाखव गो." बघून आली आणि म्हणाली, टीव्ही बरा आहे, कडी ढिली आहे.

पोलिओने पाय गेला होता, जीभ मात्र ठणठणीत. एकटी राहायची, ब्लाऊज शिवायची.

आता तुम्ही म्हणाल, कडीचंच काय एवढं? तर लहान पोरं चाळीच्या सामायिक संडासात आतून कडी लावून अडकायची, म्हणून कमिटीने कड्या पार दाराच्या वरच्या टोकाला बसवल्या होत्या. हुशारी झकास. पण तळमजल्यावरची शैला दोन्ही पायांनी अधू, हातांवर सरकत जायची. तिचा हात तिथवर कसा पुरावा? दार नुसतं लोटून बसायची बिचारी. एकाच माणसाने ते तीनदा ढकललं, आणि दर वेळी म्हणे चुकून.

"चूक एकदा," इंदूने त्याला रांगेतच सुनावलं. "तिसऱ्या खेपेक ती खोड."

तेव्हापासून रोज सकाळी दारावर हिचा पहारा. आत शैला, बाहेर ही, आणि दोघींच्या गप्पा अशा रंगायच्या, की मागची रांग कावून जायची.

कमिटीत तिने विषय काढला, तर सेक्रेटरी परब म्हणाले, तुम्ही उभ्या असता ना, मग खाली कडी कशाला? इंदूने त्यांना सगळ्यांदेखत संडासाशी नेलं.

"परबानू, खाली बसा. आता लावा बघू कडी."

इस्त्रीचा लेंगा सावरत परब उकिडवे बसले, हात ताणला, तर चांगला हातभर कमी. बायका खो खो हसल्या.

"हसू नकात," इंदू म्हणाली. "ता पोर रोज हय बसता."

परब उठले ते मान खाली घालूनच. दुसऱ्याच दिवशी सुतार आला आणि त्या दाराला खाली कडी बसली.

सकाळी शैला आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. इंदू सवयीने बाहेर उभीच.

"मावशी, तू जा आता," शैला आतून म्हणाली. "लागली कडी."

इंदू हलली नाही. मी बादली घेऊन मागेच होते.

"बेस झाला," ती मला म्हणाली. मग हळूच, "आता सकाळची मी कोणाशी बोलू गो?"